इस्मे टेल्सफर्डची तीन वादळं

इस्मे टेल्सफर्ड नोकरीच्या अर्जाचं पत्र लिहायला बसली, की ते घरात कुणाला सांगावं लागत नसे. आधी जेवणाच्या टेबलावरची मिरचीच्या सॉसची बाटली खिडकीत जाई. मग मेणकापड दोनदा पुसलं जाई. मग लॅपटॉप येई, आणि चष्मा नाकावर चढवून इस्मे असा चेहरा करी की कुणाचं तरी मृत्युपत्र वाचायचंय आणि त्यात आपलं नाव नाही हे तिला आधीच कळलंय.

"आज कुठलं बेट?" तिची आई, मिस क्लॉटिल, चुलीपाशी बसून विचारी.

"सेंट लुशिया."

"म्हणजे आज जीव सेंट लुशियावर जडला. मंगळवारी बार्बाडोसवर जडला होता. अगं, तुझा बाप खलाशी होता, पण त्याचासुद्धा जीव इतक्या बंदरांत जडला नव्हता."

"मम्मी, मला लिहू दे."

"लिही की. मी काय हात धरलाय तुझा?"

इस्मे तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. ग्रेनाडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ग्वाव्ह गावात माणूस एक तर मासे धरतो, नाही तर जायफळाच्या वखारीत जायफळं निवडतो, आणि दोन्ही जमत नसेल तर पुलावर बसून या दोघांना नावं ठेवतो. इस्मेनं यातलं काहीच केलं नाही. तिनं नीरफणसाच्या मुळांवर डॉक्टरेट मिळवली. डॉक्टर झाली म्हटल्यावर गावातल्या म्हाताऱ्या गुडघे दाखवायला आल्या. ती झाडांची डॉक्टर आहे असं कळल्यावर त्याच म्हाताऱ्या तेवढ्याच आशेनं लिंबाच्या वाळक्या फांद्या घेऊन आल्या, आणि तिनं त्या सगळ्या तपासल्या.

राजधानीजवळच्या एका शेतकी विद्यालयात ती अकरा वर्षं शिकवत होती, पण सत्रापुरती. सत्र संपलं की आभाराचं पत्र, सत्र सुरू झालं की स्वागताचं पत्र. कायमच्या जागेचं नाव कुणी काढत नसे. त्या फेब्रुवारीत आभाराचं पत्र जरा लवकरच आलं आणि त्यात एक ओळ जास्त होती. ऑगस्टपासून तिचा विषय दुसऱ्या विषयात मिसळला जाणार होता आणि तिला मात्र कशातच मिसळलं जाणार नव्हतं.

आता ऑगस्टनंतर काय, याचं उत्तर तिची मावशी टांटी फिलोनं ब्रुकलिनहून परस्पर देऊन टाकलं. टांटीचे गुडघे गेले होते, तिला जवळ आपलं माणूस हवं होतं. "ऑगस्टपर्यंत तुझं काही जमलं नाही तर इकडे ये," ती फोनवर म्हणाली, आणि दुसऱ्या आठवड्यात तिनं इस्मेच्या खोलीला पडदे घेतल्याचं कळवलं. टांटी माणूस चांगली. पण ब्रुकलिनच्या चौथ्या मजल्यावर नीरफणस लागत नाही, आणि इस्मेला दुसरं काही येत नव्हतं. सत्र सुरू झालं की तिला स्वप्नातसुद्धा मुळं दिसायची.

नशीब म्हणा, त्याच महिन्यात तीन जाहिराती आल्या. बार्बाडोस, सेंट लुशिया आणि सेंट व्हिन्सेंट. तिन्ही शेतकी संस्था, तिन्हींना फळझाडांचा कायमचा अध्यापक हवा. वरवर पाहिलं तर एका माळेचे मणी. पण अकरा वर्षांत इस्मेनं एकोणसाठ पत्रं लिहिली होती, आणि जाहिरात वाचायची कशी हे ती आता कोळ्याने समुद्र वाचावा तसं शिकली होती.

बार्बाडोसच्या जाहिरातीत 'संशोधन' हा शब्द सात वेळा होता आणि 'विद्यार्थी' एकदा, तोही शेवटी, पाहुण्यांच्या पंगतीत घरच्या माणसानं बसावं तसा. म्हणून बार्बाडोसच्या पत्रात इस्मे जन्मजात संशोधक झाली. विद्यार्थी तिसऱ्या परिच्छेदात गेले. सेंट व्हिन्सेंटला शिक्षक हवा होता, तर तिथल्या पत्रात पहिल्या ओळीपासून विद्यार्थीच विद्यार्थी, आणि संशोधन म्हणजे फावल्या वेळेतला उद्योग. सेंट लुशियाला 'शेतकऱ्यांत मिसळणारी व्यक्ती' पाहिजे होती. तिथं ती इतकी मिसळली की पत्र वाचून वाटावं, ही बाई वर्गात किंवा प्रयोगशाळेत फक्त पाऊस आला तर जाते.

पदवी तीच, लेख तेच, अकरा वर्षं तीच. नुसती भांडी फडताळात वेगळी लावायची. यात खोटं काही नाही, असं इस्मे स्वतःला सांगायची, आणि ते बरंचसं खरंही होतं. शेवटच्या परिच्छेदात मात्र ती जरा घसरायची. तिथं त्या त्या बेटावरचं प्रेम व्यक्त करायचं असतं. सेंट व्हिन्सेंटला तिनं लिहिलं, की इंग्रज कप्तानाच्या जहाजातून नीरफणस या समुद्रात पहिल्यांदा उतरला तो तुमच्या किनाऱ्यावर, तेव्हा ज्याला नीरफणसाचं काम करायचं त्यानं ते तुमच्याकडेच करावं. बार्बाडोसला लिहिलं, की प्रवाळाच्या उथळ जमिनीत नीरफणस तग धरतो कसा, हे कोडं तुमच्याखेरीज कुठेही सुटणार नाही. सेंट लुशियाला तर तिनं एक अख्खं वाक्य त्यांच्या क्रेओल बोलीत टाकलं, आणि जगातला सर्वांत चविष्ट नीरफणस तुमचाच, असं लिहून मोकळी झाली. गरजवंताला अक्कल नसते.

एक काळजी मात्र ती डोळ्यांत तेल घालून घ्यायची. एकदा, फार पूर्वी, जमैकाला पाठवलेल्या पत्रात 'त्रिनिदादच्या या थोर भूमीत' असं राहून गेलं होतं. तेव्हापासून पत्र पाठवण्याआधी बेटाचं नाव ती बोटानं दाखवून मोठ्यानं वाचायची, आणि मिस क्लॉटिल चुलीपासून "आमेन" म्हणायची.

तर मुद्दा वादळाचा.

प्रत्येक पत्रात एखादी जिवंत गोष्ट असावी लागते, म्हणजे वाचणारा जागा राहतो. इस्मेकडे ती होती. इव्हान वादळानं ग्रेनाडाची छपरं नेली त्या सप्टेंबरात त्यांच्या परसातला मोठा नीरफणस मुळासकट आडवा झाला होता, आणि त्याच्या उघड्या पडलेल्या मुळांतून पुढं नवी रोपं निघाली होती. आता ही एकच गोष्ट. पण बार्बाडोसच्या पत्रात वादळानंतर इस्मे त्या मुळांची मोजमापं घेत बसली. सेंट व्हिन्सेंटच्या पत्रात तिनं शाळा बंद पडलेली गल्लीतली पोरं गोळा केली आणि त्या पडलेल्या झाडाखाली वर्ग भरवला. आणि सेंट लुशियाच्या पत्रात ती रोपं डोक्यावर घेऊन घरोघर वाटत सुटली. तीन पत्रं, तीन वादळं, तीन इस्मे, आणि तिघीही भलत्याच कर्तबगार.

तिसरं पत्र संपलं त्या दुपारी मिस क्लॉटिल नारळाच्या दुधात हळद घालून नीरफणस शिजवत होती. तिनं लेकीला पत्र वाचून दाखवायला सांगितलं. इस्मेनं वाचलं. वादळाचा भाग आल्यावर पातेल्यातली पळी थांबली.

"रोपं कुणी वाटली म्हणालीस?"

"ते... तसं लिहावं लागतं, मम्मी."

"बरं. आणि माझं नाव आहे का त्यात कुठे?"

"जाहिरातीत आईची जागा नसते."

"नसेल बाई," मिस क्लॉटिल म्हणाली, आणि पळी पुन्हा फिरू लागली. जेवताना ती नेहमीसारखी बोलली, हसली. फक्त नीरफणसाचा मऊ, तळाशी लागलेला भाग, जो ती दर वेळी लेकीच्या ताटात घालायची, तो त्या दिवशी तिनं स्वतः खाल्ला. इस्मेच्या ते लक्षात आलं. तिनं मान खाली घालून जेवण उरकलं.

तिन्ही ठिकाणांहून बोलावणं आलं. एकोणसाठ पत्रांत चार बोलावणी आणि आता तिनात तीन! ग्वाव्हच्या पुलावर बसणाऱ्यांनीसुद्धा दोन दिवस तिला नावं ठेवली नाहीत.

पहिली मुलाखत बार्बाडोसला. लांब टेबलापलीकडे पाच माणसं. चौघं संस्थेची, आणि पाचवे 'बाहेरचे तज्ज्ञ', प्रोफेसर बायनो. वय ऐंशीच्या आसपास, गुडघ्यांत उभी धरलेली छत्री, आणि डोळे मिटलेले. इस्मे मुळांच्या मोजमापांविषयी तासभर बोलली. प्रोफेसरांनी एकदाच डोळे उघडले आणि विचारलं, "वादळानंतर फूटपट्टी सापडली का लगेच?"

"हो सर," इस्मे म्हणाली.

"भाग्यवान आहात. आमच्याकडे वादळानंतर चमचासुद्धा सापडत नाही."

सगळे हसले. इस्मेही हसली. ती जागा दुसऱ्याला मिळाली.

दहा दिवसांनी सेंट लुशिया. इस्मे दार उघडून आत गेली, आणि पाच खुर्च्यांपैकी शेवटच्या खुर्चीत तिला छत्री दिसली. छत्रीमागं प्रोफेसर बायनो होते. या सगळ्या बेटांत मिळून नीरफणसावर अधिकारानं मत देईल असा निवृत्त माणूस एकच उरला होता, आणि नियमानं प्रत्येक निवड समितीत बाहेरचा एक तज्ज्ञ लागतो. मग दुसरं कोण येणार? मोठ्या देशांत एका उमेदवाराची दोन पत्रं एका माणसाच्या हाती पडायला योग लागतो. इथं ती पडली नसती तर नवल. आणि अकरा वर्षं याच पाण्यात पोहूनही ही गोष्ट इस्मेच्या डोक्यात आली नव्हती.

प्रोफेसरांनी तिला ओळख दिली नाही. एका समितीत वाचलेलं दुसऱ्या समितीत बोलायचं नाही, हा नियम म्हातारा काटेकोर पाळत होता. क्रेओलमधलं ते वाक्य अध्यक्षांनी कौतुकानं मोठ्यानं वाचलं, तेव्हा ते फक्त इतकंच म्हणाले, "वा." मग म्हणाले, "या पत्रात लिहिलंय की वादळानंतर तुम्ही रोपं वाटत हिंडलात. *या* पत्रात." आणि 'या' वर छत्रीचं टोक फरशीवर हळूच आपटलं.

इस्मेनं पाणी मागितलं. पुढं काय बोलली ते तिला आठवत नाही. शेतकऱ्यांविषयी काहीतरी असावं. ती जागा कुणालाच मिळाली नाही, ती सरकारनं गोठवली. भरवशाच्या म्हशीला टोणगा.

राहिलं सेंट व्हिन्सेंट, आणि जुलैचा पहिला आठवडा. टांटी फिलोनं फोन करून विचारलं, पडद्यांना झालर लावू का.

"तो छत्रीवाला तिथंही असणार, मम्मी," इस्मे म्हणाली. "आणि तिथल्या पत्रात मी पोरांचा वर्ग भरवलाय."

"मग त्याच्यासाठी नीरफणस घेऊन जा."

"मुलाखतीला? ती लाच होते."

"भाजलेला नीरफणस लाच कसा होईल? लाच कच्ची असते. भाजलं की ते जेवण." आणि मिस क्लॉटिलनं पहाटे उठून विस्तवावर एक नीरफणस असा भाजला की साल काळी कुळकुळीत आणि आतला गर लोण्यासारखा. तो सोलून, जाड फडक्यात गुंडाळून तिनं लेकीच्या पिशवीत प्रमाणपत्रांच्या वर ठेवला. बारा खुर्च्यांच्या त्या चिमुकल्या विमानात धुराचा असा वास सुटला की वैमानिकानं मागं वळून विचारलं, "कोण जेवतंय?" इस्मे खिडकीबाहेर बघत राहिली.

सेंट व्हिन्सेंटच्या राजधानीतल्या, किंग्सटाऊनमधल्या त्या संस्थेच्या प्राचार्या मिसेस लॅबोर्ड समितीच्या अध्यक्ष होत्या. बाई धिप्पाड, आवाज खणखणीत, आणि कागद वाचताना ओळीवर पेन्सिल ठेवायची सवय. त्यांच्या उजव्या हाताला संस्थेची दोन माणसं, आणि डाव्या हाताला छत्री.

"डॉक्टर टेल्सफर्ड," मिसेस लॅबोर्ड म्हणाल्या, "तुमचं पत्र मला फार आवडलं. विशेषतः हे. 'वादळानंतर शाळा बंद होत्या. आडव्या झालेल्या त्या झाडाखाली मी गल्लीतली मुलं जमवली आणि...' किती सुंदर! अशीच शिक्षिका आम्हाला हवी. किती मुलं होती?"

इस्मेनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिची नजर प्रोफेसरांकडे गेली. त्यांनी डोळे उघडले होते. त्यात राग नव्हता. एखाद्या पोराच्या तोंडाला जॅम लागलेला असावा आणि बरणी कुणी फोडली असं विचारलं जावं, त्या वेळी आजोबा बघतात तसं ते बघत होते. समितीतल्या बाकीच्या तिघांना काही ठाऊक नव्हतं. तिनं 'चौदा' म्हटलं असतं तरी चाललं असतं. म्हातारा नियम मोडून बोलला नसता. नोकरी टेबलाच्या त्या बाजूला, हाताच्या अंतरावर होती.

"एकही नाही," इस्मे म्हणाली.

पेन्सिल थांबली. "म्हणजे?"

"मुलं नव्हती, मॅडम. वर्गही नव्हता. मी टेबलाखाली होते. वादळ गेल्यावर दोन दिवस मी बाहेरच आले नाही, रडत होते. सत्तावीस वर्षांची होते आणि शाळेत शिकवत होते, आणि टेबलाखाली बसून रडत होते. झाडाचं जे काही केलं ते माझ्या आईनं केलं."

मिसेस लॅबोर्डनी पत्र उचलून डोळ्यांजवळ नेलं. त्यात आई कुठे दडली आहे का ते बघत असाव्यात.

"आईनं काय केलं?" प्रोफेसर बायनो यांनी विचारलं.

आणि मग इस्मे बोलत सुटली. आता जायचंय तर टांटीकडेच, तर निदान एकदा तरी गोष्ट धड सांगावी, असं तिला झालं. मिस क्लॉटिलनं तिसऱ्या दिवशी कोयता घेऊन झाडाला तोंडभर शिव्या दिल्या होत्या, कारण जाताना त्यानं तिचं कोंबड्यांचं खुराडं चिरडलं होतं. शिव्या देता देता तिनं उघड्या मुळांचे वीतभर तुकडे तोडले. टोकांना चुलीतली राख फासली, वाळूत आडवे पुरले, वर ओलं गोणपाट. प्यायचं पाणी रांगेत उभं राहून मिळत होतं तेव्हा भांडी धुतलेलं पाणी ती गोणपाटावर शिंपडायची. चाळीस तुकड्यांतले एकोणतीस फुटले. एकेक रोप तिनं अशा घरांना दिलं की जिथली माणसं तिच्याशी बोलत नव्हती, कारण बोलणारी तर मागून नेतातच. पाच वर्षांनी त्या झाडांना फळं धरली तेव्हा निम्मं ग्वाव्ह एकमेकांशी बोलायला लागलं होतं, आणि उरलेलं निम्मं तुझ्या फळापेक्षा माझं मोठं म्हणून भांडायला लागलं होतं.

"आणि मी त्या राखेपायी डॉक्टर झाले," इस्मे म्हणाली. "आईची राख लागू का पडली, हे शोधायला मी शिकायला परत गेले. चार वर्षं घालवली. शेवटी कळलं की राखेचा काडीचा संबंध नव्हता. मूळ फुटलं ते गोणपाटाच्या ओलाव्यानं आणि सावलीनं. आईला येऊन सांगितलं तर म्हणाली, मी तेच तर म्हणत होते."

आधी मिसेस लॅबोर्ड हसल्या, आणि त्या हसल्या की खिडक्यांच्या काचा वाजतात. मग उजवीकडचे दोघं हसले. प्रोफेसरांनी मुळाचा तुकडा किती जाडीचा घ्यायचा ते विचारलं, मग किती खोल, मग सावली किती. अर्धा तास ठरलेली मुलाखत दीड तास चालली. इस्मे उठून फळ्यापाशी केव्हा गेली आणि खडू हातात केव्हा आला, तिला कळलंही नाही. शेवटी मिसेस लॅबोर्डनी पेन्सिल खाली ठेवली.

"एकच शंका. हा अर्ज तुमच्या आईनं का नाही केला?"

"तिला पत्रं लिहायला आवडत नाही, मॅडम."

परतीच्या विमानाला उशीर होता. किंग्सटाऊनच्या विमानतळावर बाकावर इस्मे बसली होती. शेजारी येऊन कुणीतरी छत्री टेकवली.

"पिशवीत काय आहे?" प्रोफेसर बायनो यांनी विचारलं. "सकाळपासून वास येतोय. मुलाखतीत मला धड लक्ष देता आलं नाही."

"तुमच्यासाठीच आईनं दिलाय, सर. पण ते बरं दिसलं नसतं."

"आता समिती उठली, सह्या झाल्या. आता काढ."

कुणाच्या नावावर सह्या झाल्या ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. दोघांनी फडकं सोडलं. म्हातारा दोन्ही हातांनी खाऊ लागला.

"तुम्ही तिन्ही पत्रं वाचलीत," इस्मे म्हणाली. "मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

"तीनच ना? मी चौऱ्याहत्तर साली चार लिहिली होती. चारही बेटांना कळवलं की माझं पहिलं प्रेम तुम्हीच. त्यातली दोन बेटं मी पाहिलीसुद्धा नव्हती. आणि चारही समित्यांवर एकच म्हातारा होता. अशी बेटं आहेत आपली, काय करणार?"

"मग? तो काय म्हणाला?"

"काही नाही. डोळे मिटून बसला होता. मीही त्याच्याकडूनच शिकलो." त्यांनी आणखी एक फोड उचलली. "हा नीरफणस कुठला?"

"ग्वाव्हचा. आमच्या परसातला."

"सर्वांत उत्तम. साऱ्या समुद्रात असा मिळायचा नाही."

इस्मेनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "सर, हे तुम्ही प्रत्येक बेटावर म्हणता?"

"अर्थात," प्रोफेसर म्हणाले आणि बोटं चाटली.

नेमणुकीचं पत्र जुलैच्या एकोणतीस तारखेला आलं. इस्मेनं ते उभ्यानं वाचलं, बसून वाचलं, आणि मग परसात जाऊन आईला दाखवलं. मिस क्लॉटिलनं कोंबड्यांना दाणे टाकणं थांबवलं नाही. "फिलोला कळव," ती म्हणाली, "पडदे स्वतःच्या खोलीला लाव म्हणावं." पण दाण्यांचं भांडं रिकामं झालं तरी तिचा हात दाणे टाकतच राहिला होता. सेंट व्हिन्सेंट काही ब्रुकलिन नव्हे. शुक्रवारी संध्याकाळी निघालं तर ग्वाव्हला दर शुक्रवारी रात्री भरणाऱ्या मासळीच्या जत्रेला घरी पोचता येतं.

पत्रासोबत एक मागणी होती. संस्थेच्या पुस्तिकेसाठी नव्या अध्यापिकेनं आपल्याविषयी एक पान लिहून पाठवावं. झालं. सॉसची बाटली खिडकीत गेली, मेणकापड पुसलं गेलं, लॅपटॉप आला. या खेपेला जाहिरात नव्हती. कुठले शब्द किती वेळा आलेत ते मोजायचं नव्हतं. इस्मे पाऊण तास नुसती बसून राहिली. मग एका दमात तिनं पान लिहून काढलं.

"वाच," मिस क्लॉटिल म्हणाली. ती आज चुलीपाशी नव्हती. समोरची खुर्ची ओढून बसली होती.

इस्मेनं वाचायला सुरुवात केली. "मी ग्वाव्हची. माझी आई मिस क्लॉटिल टेल्सफर्ड दर शुक्रवारी मासळीच्या जत्रेत भाजलेला नीरफणस विकते. मला जे येतं ते मी तिच्या परसात शिकले. इव्हान वादळात आमचं झाड पडलं, तेव्हा मी टेबलाखाली रडत होते, आणि माझ्या आईनं कोयता घेऊन..."

"थांब. पहिलं परत वाच."

"मी ग्वाव्हची."

"ते नाही. त्याच्या पुढचं."

इस्मेनं आईचं नाव पुन्हा वाचलं. मग न सांगता तिसऱ्यांदा वाचलं. मिस क्लॉटिलनं पदराशी खेळावं तसं ॲप्रनचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. बासष्ट पत्रं या टेबलावर लिहिली गेली आणि त्यातल्या एकाही पत्रात हे नाव नव्हतं, हे इस्मेला त्या वेळी इतकं लागलं की तिला पुढचं दिसेना. तिनं चष्मा काढून पुसला.

"चांगलं आहे," मिस क्लॉटिल शेवटी म्हणाली. "पण एक खोटं आहे त्यात."

"काय खोटं? या खेपेला सगळं खरं आहे, मम्मी!"

"तू टेबलाखाली नव्हतीस. टेबल मी दाराला लावलं होतं आणि रात्रभर त्याच्यावर बसले होते, दार उडू नये म्हणून. हेच टेबल. तू पलंगाखाली होतीस."

इस्मेच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "पलंगापेक्षा टेबल जरा बरं दिसतं म्हणून..."

"समितीलाही टेबलच सांगितलंस?"

"हो."

मिस क्लॉटिल लेकीकडे बघत राहिली, आणि मग तिला असं हसू फुटलं की खुर्चीसकट हलायला लागली. डोळे पुसत ती उठली, खिडकीतली सॉसची बाटली आणून तिनं टेबलाच्या मधोमध ठेवली.

"पलंग लिही," ती म्हणाली. "आणि टेबलावर कोण बसलं होतं तेही लिही."

इस्मेनं टेबल खोडलं आणि पलंग लिहिलं.